उंबरावर अडकलेली माशी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. लातूर

सकाळचं पहिलं काम माशा बांधायचं. शेवयांच्या यंत्राचा शिकंजा दुकानाच्या काउंटरला आवळला, त्यात गळ धरला आणि लोकर गुंडाळायला बसले. माझं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, लेस, दोरे. त्यामुळे सामानाची कमी नाही. दिवाळी संपलेली, लग्नसराई अजून उठलेली नाही. तीन दिवस दुकान बंद ठेवलं तर कुणी विचारणार नव्हतं. घरातही विचारणारं कुणी नाही. माझं लग्न मोडलं त्याला आता बरीच वर्षं झाली.

ज्यांनी ही मासेमारी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हिच्यात गांडूळ नाही, कणकेची गोळीही नाही. दोरा, पीस, केस, लोकर असं काहीबाही गळावर बांधून माशाला खाणं वाटेल असं सोंग करायचं. त्याला माशी म्हणायचं. माशीला वजन नसतं. वजन जाड दोरीला असतं. काठीनं ती दोरी डोक्यावरून मागं-पुढं लांबवत न्यायची आणि माशी पाण्यावर अलगद ठेवायची. भाऊ सैन्यात होता, हिमाचलात शिकला. पुण्यात फ्लॅट घेतल्यावर काठी ठेवायला जागा नाही म्हणून माझ्याकडं टाकून गेला. जाताना एका उन्हाळ्यात तलावावर मला शिकवून गेला. तिकडं त्या थंड पाण्यातल्या माशांसाठी हे करतात. आपल्याकडं कटला, रोहू, गवत्या. गवत्या म्हणजे चारा खाणारा मोठा कार्प. पाझर तलावात त्याची पिल्लं सोडतात, आणि पाऊस बक्कळ झाला की ती सांडव्यावरून ओढ्यात उतरतात. यंदा पाऊस बक्कळ झाला होता.

गवत्या ओढ्यात पडलेली उंबरं खातो असं ऐकलं होतं, म्हणून उंबराच्याच माशा केल्या. तांबडी लोकर गोल गुंडाळून कातरली. गळाचं टोक झाकायला काळे केस बांधले. केस माझेच, फणीतले. आमच्याकडच्या बायका फणीतले केस गुंडाळून, त्यावर थुंकून मग टाकतात, कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून. मी ते कधीच सोडून दिलंय.

दुपारी लोह्याच्या अलीकडं फाटा सोडून एका वाडीच्या ओढ्यावर पोचले. वाडीचं नाव लिहीत नाही. का ते पुढं कळेल.

जागा चांगली होती. खाली बंधारा, त्यामुळे वर डोह तुंबलेला. काठावर वाकलेलं मोठं उंबर. पलीकडं कापसाची रानं पांढरी झालेली. उंबराखालून वाडीची पायवाट जाते. मी पांढऱ्या दगडावर उभी राहिले आणि थोड्याच वेळात फळ पडल्याचा 'डुब्' आवाज आला. खालून एक करडी पाठ वर आली, फळ गेलं, पाणी मिटलं. हाताएवढा मासा. काठी उचलली, दोरी मागं टाकली, आणि दोरी पुढं आलीच नाही. माशी मागं उंबराच्या फांदीत जाऊन बसली होती, बरोबर पायवाटेच्या वर. ओढलं तर दोरीच्या टोकाचा बारीक दोरा तुटला. फांदीपर्यंत हात पोचेना. एक माशी गेली, दुसरी लावली. मासा मात्र परत आला नाही.

"काय हरवलं का वो ताई पान्यात?"

मागं एक बाई उभी होती. कापूस वेचायचं ओटीचं फडकं अजून कमरेला, हाताला बोंडांचे ओरखडे. वय माझ्याएवढंच. ती शेवंताबाई. काठावरचं पत्र्याचं खोपटं तिचं.

"मासे धरतेय," म्हटलं.

"चाबकानं?"

मी हसले. तीही हसली, मग माझ्या गाडीकडं पाहिलं. "एकट्याच हाव?"

"हो."

"मी बी." एवढं बोलून ती आत गेली आणि भाकरी थापायला बसली. मला विचारलंसुद्धा नाही. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. आमच्या लातुरात अंबाडीत तुरीची डाळ नाहीतर ज्वारीच्या कण्या घालतात. हिनं नुसते शेंगदाणे घातले होते, आणि ते बरं लागत होतं. नवरा वारला, मूलबाळ नाही, गावात दिराचं घर आहे पण "जाऊबाईचा आन् माझा वारा जुळत न्हाई" म्हणून ओढ्यावर. एवढं तिनं भाकरी उलटेपर्यंत सांगून टाकलं.

"रातच्याला हितंच ऱ्हावा की. माझ्या तोंडाला बी कुनीतरी हुईल."

मी नको म्हटलं. बिलोलीला लॉजवर सांगून ठेवलं होतं. शिवाय लोकांकडं राहायचं मला जमत नाही. सकाळी उठल्या उठल्या बोलावं लागतं.

१५ नोव्हेंबर. बिलोली

लॉजच्या माणसानं आदल्या रात्री माझ्या मागं, दाराच्या बाहेरपर्यंत बघितलं होतं. "मालक मागून येणार हाईत का?"

"मालक मीच," म्हटलं. "दुकान आहे माझं."

त्यानं किल्ली पुढं केली. सकाळी मात्र तो स्वतः चहा घेऊन आला आणि मी खरंच एकटी आहे ना याची खात्री करून गेला.

बिलोलीकडं बोली बदलते. तेलंगणा जवळच. बाजारात "अक्का" ऐकू येतं, अंबाडी गोंगुरा होते आणि जेवणात मिरची अशी की कान गरम होतात. गावाबाहेरच्या ओढ्यावर सायन्ना नावाचा म्हातारा फेकजाळं सुकवत बसला होता. माझी काठी बघून तो जाळं सोडून आला आणि उकिडवा बसला, खेळ बघायला बसावं तसा. नेमका त्याच दिवशी हात चालला. शेवाळाच्या कडेला माशी पडली, दोरीचं टोक हललं, काठी वाकली. बऱ्याच ओढाताणीनंतर कटला काठाला आला. गळ काढला, मासा पाण्यात धरला, त्यानं दोन श्वास घेतले आणि गेला.

"अय्यो!" सायन्ना उभाच राहिला. "चेपा सोडलं? काहून?"

"मी खात नाही."

"तुमी नका खाऊ. माझ्या हातात द्यायला काय झालं हुतं?"

"दुसरा धरून देते."

"दुसरं हे न्हवं, अक्का. जे गेलं ते गेलं." मग जाळं खांद्यावर टाकत म्हणाला, "खायचं न्हाई, इकायचं न्हाई, द्यायचं बी न्हाई. येडं म्हनतील तुमाला."

तो गेल्यावर दुसरा मासा काही मिळाला नाही. एवढा मोठा कटला पहिल्यांदाच लागला होता. भावाला फोन केला. मागं सनई वाजत होती, तो कुणाच्या तरी लग्नात होता. "नंतर बोलू," म्हणाला. फोटो काढायला दोन हात मोकळे लागतात, माझ्याकडं नव्हते. संध्याकाळी लॉजच्या खोलीत खिचडी मागवली आणि टीव्ही लावून ठेवला. बघत नव्हते.

१६ नोव्हेंबर. वाडी

परतताना त्याच फाट्यावर चहाला थांबले. हॉटेलवाल्यानं कप पुढं केला आणि विचारलं, "वाडीकडं न्हाई ना जायचं, ताई? आज नका जाऊ."

"का?"

"करनी सापडली. उंबरावर. लाल गोळा, त्याला बाईचे केस आन् आत सुई. त्याच्याखालून एक म्हैस गेली, तर सांजच्याला दूध बंद."

"कुणी केली म्हणतात?"

"वड्याकाठी एकटी कोन ऱ्हाती? शेवंती. आन् परवा म्हनं एक मांत्रिकीन आल्ती गाडी करून. काठी फिरवून पान्यावर मंत्र मारून राहिली हुती. शेवंतीच्याच घरी जेवली."

"ती मी," म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. रिकामा कप परत घेताना फडक्यानं धरला.

सरळ गेलं की अहमदपूर आणि पुढं लातूर. मी गाडी वाडीकडं वळवली. यात मोठेपणा काही नाही. माझी वस्तू होती.

शेवंताबाईच्या वाटेवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या. त्या पायानं सारून आत गेले. ती खोपटाच्या भिंतीला टेकून बसली होती.

"तुमी काहून आल्या परत?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "काल वेचनीला निघाले तर टेंपोतून उतरवलं मला. आज हापशावरचं पानी बी घिऊ दिलं न्हाई. दीर म्हनला, गाव सोड."

"चला," म्हटलं.

"कुठं?"

"सांगायला."

मारुतीच्या पारावर एका कागदावर माझी माशी ठेवलेली. भोवती राखेचं रिंगण. पोलीस पाटील होते, दहा-पंधरा माणसं होती, बायका बाजूला. मी राख ओलांडून माशी उचलली. दोघीतिघी मागं सरकल्या.

"ही माझी आहे. लोकर माझ्या दुकानातली, केस माझे, आणि ही सुई नाही, गळ आहे. मासा धरायचा." डबी उघडून बाकीच्या माशा दाखवल्या.

ही चूक झाली. एकाच्या जागी वीस दिसल्यावर कुणाला बरं वाटणार?

म्हशीची मालकीण पद्मीन. कापूस वेचणाऱ्या बायकांची टोळीही तीच चालवते. ती पुढं आली. "मासा धरायला सोताचे केस बांधतेत व्हय कुनी? आमी काय मासे धरले न्हाईत? आन् हिच्याच घरी कशी काय जेवलीस? वळख न्हाई, पाळख न्हाई."

"तिनं वाढलं म्हणून जेवले."

"म्हंजी हिनंच बोलिवलं."

मी जे बोलेन ते शेवंताबाईच्याच अंगावर पडत होतं. कायद्याचं नाव काढलं तर पोलीस पाटलांनी हात वर केला. "कायदा मला बी म्हाईत हाय, ताई. पन उद्या तुमी लातूरला, हिला ऱ्हायचं हितं. काय दावायचं ते दावा."

"मग चला ओढ्यावर. याच माशीनं मासा धरून दाखवते."

म्हणून तर बसले, पण सगळं गाव काठावर उभं राहिल्यावर डोहातला मासा वर येईल कसा? त्यांना मागं बसवलं. पहिली फेक अपुरी पडली. दुसरी बरोबर पडली, पण खाली काहीच नव्हतं. तिसऱ्या वेळी हात घाईवर आला आणि दोरी मागं जाऊन पुन्हा त्याच उंबरात अडकली.

कुणीतरी हसलं. मग अजून एकजण. मला त्या हसण्याचा राग आला नाही. घाबरलेलं माणूस असं हसत नाही.

"अस्संच अडकलं हुतं का?" पोलीस पाटलांनी विचारलं.

"अस्संच."

एका माणसानं काठीनं फांदी वाकवून माशी सोडवून दिली. बोटं लावली नाहीत, पण सोडवून दिली.

मला आता खरी उंबरं पडायला हवी होती. उंबर हलवा कुणीतरी, म्हटलं, तर कुणी उठेना. त्या झाडाला आता कोण हात लावणार? शेवटी शेवंताबाई उठली. तिनं पदर खोचला, पाण्याकडच्या खालच्या फांदीला लोंबकळली आणि सगळ्या अंगानं हिसडा दिला. उंबरं टपाटप पडली. पाणी जरा वेळ तसंच राहिलं. मग पलीकडच्या सावलीतून करडी पाठ सरकत आली आणि एकेक फळ उचलू लागली, सावकाश, घरच्यासारखी.

मी माशी त्या फळांत टाकली. माशानं शेजारचं फळ घेतलं. मग पुढचं. मग माझं.

काठी पार मुठीपर्यंत वाकली. गवत्या बंधाऱ्याकडं सुटला, दोरी बोटं कापत गेली. "आयाया, धरा, धरा!" मागं सगळे उभे राहिले. ज्यांनी सकाळी तिला हापसा बंद केला तेच मला ढील द्या, आवळा, खाली बसा, असं शिकवत होते. दमवून दमवून तो काठाला आणला तेव्हा एकानं पाण्यात उडी घेऊन त्याला कवळ्यात धरलं. ओठात तांबडा गोळा, माझे केस.

मी पक्कड घेऊन गळ काढला आणि सवयीनं मासा पाण्याकडं न्यायला लागले.

"सोडायचा न्हाई!" पद्मीन ओरडली. "धरून सोडायला तो काय उतारा हाय? ज्याला भ्या न्हाई त्यानं खावावा."

"मी मासे खात नाही. कधीच खाल्लेला नाही."

"मंग आमी काय समजायचं?"

शेवंताबाई माझ्याकडं बघत नव्हती, जमिनीकडं बघत होती. म्हटलं, "शिजवा."

तिनंच केला. पाट्यावर मसाला वाटला, भाजलेल्या डाळींचा येसर घातला, चिंचेचा कोळ घातला. तिच्या दारात, ज्या वाटेवर काट्या होत्या तिथं, लोक उभे राहिले. तिनं दोन ताटल्या मांडल्या. पहिला घास मी घेतला. काटा जिभेला लागला. गिळला. दुसरा घेतला. चव आवडली असं सांगणार नाही. शेवंताबाई माझ्यासमोर बसून भराभरा जेवली. दिवसभर उपाशी होती ती.

"जमतंय की," कुणीतरी म्हणालं.

पोलीस पाटील स्वतः हात पुढं करून म्हणाले, "वाढ गं शेवंते मला बी." ते जेवले. मग उभे असलेले एकेक करून पांगले. पद्मीन शेवटी गेली. ती जेवली नाही.

अंधार पडायला आला होता. मी तिथंच राहिले. शेवंताबाई फार बोलली नाही. मला वाटलं होतं तेवढं तिथं राहणं अवघड गेलं नाही, पण सोपंही नव्हतं. दोन एकट्या माणसांनी एका खोलीत झोपलं म्हणजे एकटेपण निम्मं होतं असं काही नाही.

१७ नोव्हेंबर, सकाळ

उजाडताच पद्मीन दारात. माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलली.

"बाई, त्यातला एक गोळा द्या मला. म्हशीच्या शिंगाला बांधते. ज्याच्यानं आटलं त्याच्यानंच सुटंल."

"पद्मीनबाई, कालचं सगळं बघितलं ना तुम्ही? माशाचा गळ आहे तो."

"बघितलं. म्हून तर मागून राहिले. तुमचा हात खरा हाय."

"डॉक्टरला दाखवली का म्हैस?"

"येऊन गेला. पावडर दिली. काई फरक न्हाई."

मागून शेवंताबाई हळूच म्हणाली, "द्या की वो ताई. एकच तर मागती."

तिचं मला कळत होतं. टोळी पद्मीनच्या हातात. एक लोकरीचा गोळा दिला की शेवंताबाईचं आजचं काम सुरू. पण आज गोळा बांधला आणि उद्या म्हैस मेली, तर काट्या पुन्हा कुणाच्या दारात पडणार होत्या? जिचा पाहुणा आजार उतरवतो, तिचा पाहुणा आजार लावूही शकतो.

"नाही देणार," म्हटलं. "दुसऱ्या डॉक्टरला मी लोह्याहून गाडीत घालून आणते. म्हणाल तेव्हा. हे नाही."

पद्मीननं शेवंताबाईकडं एकदा पाहिलं आणि निघून गेली.

शेवंताबाईनं बांधलेली भाकरी खुंटीवरून काढली, हातात धरली, परत खुंटीला लावली. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं वर रस्त्यावर वेचणीच्या टेंपोचा हॉर्न वाजला. हाक कुणी मारली नाही.

आज दुकान उघडायचं होतं, ते राहू दिलं. शेवंताबाईला म्हटलं, "एक फडकं द्या जास्तीचं."

"कशाला?"

"कापूस वेचायला."

"तुमाला येतंय का?"

"नाही. उठा."

भाकरी मीच खुंटीवरून काढली. आम्ही चढ चढून रस्त्यावर गेलो तेव्हा टेंपो निघायच्या बेतात होता. मांडीला मांडी लावून बायका बसलेल्या, पद्मीन पुढं. कुणी उतरा म्हणालं नाही, कुणी या म्हणालं नाही. मी चाकावर पाय देऊन वर चढले, शेवंताबाईला हात दिला आणि म्हटलं, "सरका जरा."

दोघीजणी सरकल्या. जागा एकीपुरतीच झाली. आम्ही दोघी तिच्यात बसलो.